सतराव्या पानावरचा ठिपका

३ मार्च

साडूबुवा यांस,

नमस्कार. हा नुसताच नमस्कार आहे, सप्रेम वगैरे काही नाही. गैरसमज नको.

तुम्ही फोन उचलत नाही, दार वाजवलं तर आतून पंख्याचा आवाज येतो आणि दार उघडत नाही. म्हणून चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पोस्टाने पत्र पाठवायची वेळ माझ्यावर आली आहे. आमच्या हिला म्हटलं, तुझ्या धाकट्या बहिणीकडे एवढा निरोप दे. तर म्हणाली, "तुम्ही दोघं साडू आपसात काय ते बघा. आम्ही बहिणी सकाळी दहा वाजता आमचं बोलतो, त्यात तुमचा कचरा नको." आणि मग तासभर फोनवर तुमचाच विषय चालला होता. मी पेपर वाचत होतो, मुद्दाम ऐकत नव्हतो.

कळलं ते असं, की तुम्ही पंचवीस तारखेला लेकीकडे परदेशी जाताय आणि कायमचे जाताय. गणित सोडलंय. सुतारकामाचा रंधा आणलाय आणि दिवसभर एकच फळी घासत बसता. आनंद आहे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माणसाने काहीतरी नवीन करावंच.

तुमच्याकडे असलेले माझे जुने कागद शर्टाच्या खोक्यात भरून तुम्ही धाकटीबरोबर पाठवलेत, ते पोचले. मी खोकं उघडलेलं नाही. उघडणारही नाही. गेले अकरा महिने मी त्या विषयावर विचारसुद्धा केलेला नाही.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की माझं पंचिंग मशीन तुमच्याकडे राहिलं आहे. हिरवं, डाव्या बाजूला गंजलेलं. ते जाण्यापूर्वी परत करावं.

कळावे,
तुमचा साडू

ता. क. जेवणाच्या टेबलाचा तुमच्या बाजूचा पाय अजून डुगडुगतो. नुसतं सांगितलं.


६ मार्च

साडूबुवा,

मशीन मिळालं. बरोबर चिठ्ठी नव्हती. पिशवी उलटी करून झटकून पाहिली, त्यात एक टाचणी आणि थोडा लाकडाचा भुसा निघाला.

धाकटीने जाता जाता हिच्या कानात सांगितलं, की पत्र तुम्ही फोडलंच नाही. तिनेच फोडलं आणि ओट्याशी उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि तुम्ही रंधा मारायचं थांबला होता. तेव्हा यापुढे मी असं धरून चालतो की वाचणारी धाकटी आहे आणि ऐकणारे तुम्ही. धाकटे, "टेबलाचा पाय" हे वाक्य जरा सावकाश वाचायचं होतंस.

आता तू वाचतेच आहेस तर तुला एकदा नीट सांगतो, कारण तुझ्या नवऱ्याने तुला काय सांगितलंय देव जाणे. बहुधा काहीच नाही. तो कधी बोललाय?

तीन पूर्ण संख्या घे. पहिल्या दोन संख्यांचे वर्ग करून मिळव. तिसरीचा वर्ग कर, त्याला दोनच्या वर्गमुळाने गुण आणि आधीच्या बेरजेतून वजा कर. झालं द्विघाती रूप, यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन, तीन आणि तीन घेतलेस तर चार अधिक नऊ, तेरा, त्यातून बारा पूर्णांक त्र्याहत्तर शतांश गेले. उरलं सत्तावीस शतांश. एकोणीस, एक आणि सोळा घेतलेस तर उत्तर शून्यापासून चार शतांशसुद्धा लांब राहत नाही. तिन्ही शून्य घेतले तरच शून्य येतं, नाहीतर कितीही खटपट कर, बरोबर शून्य कधीच येत नाही. पण हवं तेवढं जवळ येतं. शून्याच्याच नाही, कुठल्याही वास्तव संख्येच्या. हे थोरामोठ्यांनी आधीच सिद्ध करून ठेवलेलं आहे. आमचा प्रश्न एवढाच होता की तेवढं जवळ यायला किती मोठ्या संख्यांपर्यंत चालत जावं लागतं. त्यात पूर्ण संख्यांची बाजू माझी आणि वास्तव संख्यांची त्याची. त्याची बाजू जास्त अवघड आहे असं तो म्हणतो. मी कधी मान्य केलेलं नाही.

एकतीस वर्षं दर गुरुवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हे चाललं. तू म्हणायचीस, हे दोघं काय तेच तेच लिहितात. हाताने आम्ही लिहायचो, टाइप तो करायचा. आणि आमची एक पद्धत होती. माझं उणे चिन्ह त्याला शिंतोडा वाटायचं आणि त्याचं मला दिसायचंच नाही, म्हणून पहिल्याच वर्षी ठरलं की चिन्ह लिहायचंच नाही. काळ्या शाईत लिहिलं ते अधिक, लाल शाईत लिहिलं ते उणे. टाइप करताना रंग बघून तो चिन्हं घालायचा. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये मात्र चुकलं. गणित विभागाच्या खोलीत मी फळ्यापाशी उभा, शेजारी फाइल घेऊन तो बसलेला, समोर तीस माणसं. सतराव्या पानावर मधल्या पायरीत एक मदतनीस रूप येतं, ते मी पडद्यावर दाखवलं आणि म्हटलं, हे शून्याच्या हवं तेवढं जवळ येतं. विभागप्रमुख बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, यातली सगळी चिन्हं अधिक आहेत. वर्गांची नुसती बेरीज शून्याच्या हवं तेवढं जवळ येईलच कशी?"

शाळकरी पोराने विचारावा असा प्रश्न आणि तो बरोबर होता. मागून कोणीतरी फसकन हसलं. सतराव्या पानावर पुढची नऊ पानं उभी होती, ती सगळी कोसळली. तेव्हा मी जे खरं होतं ते सांगितलं. म्हटलं, "टायपिंग यांचं आहे."

एवढंच म्हटलं. यावर माणूस फाइल बंद करून उठून जातो आणि अकरा महिने तोंड दाखवत नाही, याला काय म्हणायचं? चूक कोणाचीही होते. मी तर माफ करायला तयार होतो.

तुमचा साडू


११ मार्च

साडूबुवा,

खोकं उघडलं. त्या विषयाशी याचा काहीएक संबंध नाही. टेबलाच्या पायाखाली घालायला जाड घडीचा कागद हवा होता, आज गुरुवार, आणि ही म्हणाली की वर्तमानपत्राला हात लावाल तर बघा. म्हणून वरचा गठ्ठा काढला.

विशेष काही नाही, जुनेच कागद.

आमच्याकडे सगळं ठीक. हिच्या गुडघ्याला आराम आहे. बाल्कनीच्या दाराला तेल घातलं. माझे दातही ठीक आहेत. त्यावरून आठवलं, माझी अक्कलदाढ काढली तो दिवस तुला आठवतो का रे? दोन वर्षं झाली त्याला. सहज विचारतोय. त्या दिवशी दुपारी तू फोन केला होतास, असं मला अंधुक आठवतं. माझा अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे मी काय बोललो ते मला फारसं आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव. नसेल आठवत तर उत्तमच.

टेबलाचा पाय अजून डुगडुगतोच आहे. ज्या कागदाची घडी घालायला घेतली तो बाजूला ठेवलाय.

तुझा, म्हणजे तुमचा,
साडू


१५ मार्च

अरे,

तुझं उत्तर नाही. धाकटी म्हणते, दाढेचं वाचल्यावर तू रंधा खाली ठेवलास आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घातलंस. झाडांना पाणी तिने सकाळीच घातलं होतं म्हणे.

बरं, सांगतो. खोक्यात सतरावं पान होतं. माझ्या अक्षरातलं, मूळ.

पण आधी परिस्थिती समजून घे. दातांच्या डॉक्टरने मला दहाची वेळ दिली आणि पावणेबारापर्यंत बाहेर बसवून ठेवलं. समोर मासे ठेवलेली काचेची पेटी, तिच्यातले मासेसुद्धा कंटाळले होते. अशा वेळी मला ते मदतनीस रूप सुचलं. सुचलं तर लिहून ठेवायला नको का? कागद खिशात होता, पेन नव्हतं. स्वागताच्या टेबलावर एक पेन होतं, तेही काळं, आणि दोरीने बांधलेलं. लोक पेन पळवतात म्हणून बांधतात. समाजाची ही अवस्था आहे, त्याला मी काय करू? दोरी वीतभर. मी त्या टेबलावर वाकून, एका गालावर हात धरून, अख्खं पान लिहिलं. स्वागतिका दोनदा म्हणाली, "काका, फॉर्मवर नुसतं नाव आणि वय लिहायचंय."

लाल पेन नव्हतं. जिथे उणे हवं त्या पदाच्या डोक्यावर मी एक ठिपका दिला, घरी गेलो की लाल करू म्हणून. मग मला आत बोलावलं. ती दाढ निघायला पाऊण तास लागला. डॉक्टरने एक पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवला होता. घरी जाताना वाटेत ते पान तसंच तुझ्या दाराखालून सरकवलं. असं झाल्यावर कोणाला ठिपका आठवेल? तू सांग. माझ्या जागी तू असतास तर आठवला असता?

असता, तुला आठवला असता, ते मला माहीत आहे. पण सगळेच तुझ्यासारखे नसतात.

तेव्हा चूक म्हणायचीच तर ती त्या दोरीची आहे. आणि ही म्हणते की त्या दिवशी माझ्या शर्टाच्या खिशातलं लाल पेन तिने धुवायला टाकताना काढून ठेवलं होतं. म्हणजे थोडीफार तिचीही. हे मी तिला बोलून दाखवलं. आज दुपारचं जेवण मी स्वतः वाढून घेतलं.

तुझा साडू


१९ मार्च

मित्रा,

धाकटे, हे पत्र वाचू नकोस. त्याच्या हातात दे. तो घेत नसेल तर त्याच्या फळीवर ठेव आणि स्वयंपाकघरात जा.

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा फाडलं. आधी दोरीपासून सुरुवात केली, मग डॉक्टरपासून, मग विभागप्रमुख बाईंपासून. आपल्या रूपांचं कसं असतं ते तुला मी काय सांगणार? वास्तव संख्यांत अक्ष कसेही फिरव, ताण, दाब, वेगळ्या अक्षरांत लिही, शेवटी अधिक किती आणि उणे किती ही मोजदाद बदलत नाही. मी हे प्रकरण पाच तऱ्हांनी मांडून पाहिलं. दर वेळी शेवटी एक उणे उरतंच आणि ते माझ्याच नावावर येतं.

त्या पानावर, ठिपक्याभोवती, तुझ्या पेन्सिलीने गोल केलेला आहे. शेजारी तुझ्या मुंगीच्या अक्षरात लिहिलंय: "विचारलं. शाई सांडली म्हणाला."

मला त्या दिवशीचा तो फोन नीट आठवतो. पहिल्यापासून आठवत होता. तू म्हणालास, "सतराव्या पानावर हा ठिपका कसला रे?" माझं तोंड वाकडं झालं होतं, ठिपका कसला ते मला आठवेना, आणि मला आठवत नाही हे तुला सांगायचं जिवावर आलं. म्हणून म्हटलं, "शाई सांडली असेल. तू टाइप कर." आणि तू केलंस, कारण मी सांगितलं म्हणून. एकतीस वर्षांत तू माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हतीस.

एप्रिलमध्ये बाईंनी प्रश्न विचारला त्याच क्षणी मला तो ठिपका आठवला. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. डोळ्यांसमोर आला, दोरी, मासे, सगळं. आणि तरीही माझ्या तोंडून निघालं ते, टायपिंग यांचं आहे. तुलाही त्या क्षणी आठवलंच असणार. तुला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं, अरे, मी विचारलं होतं. तीस माणसांसमोर माझी उरलीसुरली अब्रू गेली असती. तू बोलला नाहीस. फाइल बंद केलीस, चष्मा खिशात ठेवलास आणि गेलास. आणि मी अकरा महिने लोकांना सांगत फिरलो की आमचे साडू फार तापट.

लाज वाटते रे. दुसरा शब्द नाही.

परवा बुधवारी विभागाची बैठक होती. विषय दुसराच कोणाचा होता. ते संपल्यावर मी हात वर केला आणि उभा राहिलो. सतरावं पान घेऊन गेलो होतो, ते सगळ्यांना दाखवलं. लाल आणि काळं सांगितलं, दोरी सांगितली, ठिपका सांगितला आणि तुझा फोनही सांगितला. म्हटलं, टायपिंग यांचं होतं आणि ते अचूक होतं. चूक माझी, आणि ती त्यांच्यावर ढकलली तेही मीच. टपकन खडूचा तुकडा पडला, सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तो माझ्याच हातातून पडला होता. मग बाईंनी विचारलं, "एकतीस वर्षं चिन्हंच लिहीत नव्हता तुम्ही?" आणि सगळी खोली खो खो हसली. हसू दे. मीही हसलो.

उणे जागेवर घालून बघितलं. नऊ पानांपैकी सात पुन्हा उभी राहिली. उत्तर आधीइतकं देखणं येत नाही, बरंच लांब चालत जावं लागतं, पण येतं ते खरं येतं. उरलेली दोन पानं तुझ्या बाजूची आहेत. चार दिवस त्यांच्याशी झटलो. अवघड आहेत. तुझी बाजू जास्त अवघड आहे, हे लेखी देतो आणि खाली सही करतो.

पंचवीस तारीख गुरुवारी येते. तू जायचं ठरवलंयस तर जा, लेक वाट बघत असेल. मला हक्क नाही अडवायचा. पण मनापासून सांगतो, जाऊ नकोस. मला गणितासाठी तू हवास असं नाही. म्हणजे गणितासाठी हवासच. पण गुरुवारी चार वाजता मी अजूनही दोन कप मांडतो आणि मग ही एक उचलून ठेवते, काही न बोलता. ती बोलत नाही त्याचंच जास्त लागतं.

मला माफ कर.

तुझा


२३ मार्च

अरे,

तुझं पत्र काल दुपारी आलं. अकरा महिन्यांतलं पहिलं. पाकीट हिनेच फोडलं, मला उघडायची भीती वाटत होती म्हणून नव्हे, मी आंघोळीला गेलो होतो म्हणून. बाहेर येऊन बघतो तर ही स्टुलावर बसून पदराने डोळे पुसतेय. म्हणाली, "झालं. संपलं सगळं. एवढं कडू कोणी लिहितं का?" आणि मोठ्याने वाचायला लागली:

"तुझा माझा काही संबंध उरलेला नाही. मी पंचवीस तारखेला कायमचा जातो आहे. उरलेली दोन पानं बघायची मला काडीची इच्छा नाही. झालं ते मी विसरू शकत नाही. गुरुवारी चार वाजता मी येणार नाही. माझा कप मांडू नकोस."

मी ओल्या केसांनी तसाच खुर्चीवर बसलो. म्हटलं, बरोबर आहे त्याचं. मी असतो तर याहून वाईट लिहिलं असतं. मग हिच्या हातातून कागद घेतला, निदान तुझं अक्षर तरी बघावं म्हणून.

सगळं पत्र लाल शाईत होतं!

मी हसायला लागलो. इतका हसलो की चष्मा पडला. मग हसता हसता रडायला लागलो आणि हिला वाटलं मला झटका आला. डॉक्टरला फोन करायला धावली. तिला ओढून खुर्चीत बसवलं आणि लाल आणि काळं पहिल्यापासून समजावलं. एकतीस वर्षं आम्हाला चहा करून घातला बिचारीने, पण हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तरी तिचा विश्वास बसेना. तिने धाकटीला फोन लावला. "अगं, तुमच्या घरात काळं पेन नाही का?" धाकटी म्हणाली, "टेबलावर सहा पडलीत. हे भर उन्हात दोन गल्ल्या चालत जाऊन लाल पेन आणायला गेले. मला वाटलं यांचंही डोकं फिरलं."

धाकटी खूप रागावली आहे हेही कळलं. म्हणते, बॅग दोनदा भरली. तिकीट तिचं तसंच आहे, ती जाणारच, लेकीकडे दोन महिने राहणार. "यांना आता भावोजींनीच सांभाळावं, नाहीतरी लग्न बहुतेक त्यांच्याशीच झालंय," असं म्हणाली. तू दोन्ही वेळचं आमच्याकडे जेवशील. सुट्टीत आपण दोघं जाऊन लेकीला भेटून येऊ. मला विमानाची भीती वाटते, हे तू कोणाला सांगू नकोस.

आणखी एक. ही म्हणाली, "सगळं लाल कुठे आहे? हे बघा, वरचा पहिला शब्द काळा आहे." मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच, मायन्यात तू एकच शब्द काळ्या शाईत लिहिलायस, नीट गिरवून, दोनदा: "गाढवा,"

मान्य आहे.

परवा गुरुवार. चार वाजता ये. येताना रंधा आण, टेबलाचा पाय सरळ करायचाय.

तुझा,
(काळ्या शाईत)
गाढव